नागपूर ते सॅन फ्रान्सिस्को: अंतर 13,100 किलोमीटर, मग 26 तास कशाला?

काका, आधी तुमचा प्रश्न माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे दोघं एकाच गोष्टीबद्दल बोलतोय हे पक्कं होईल. मे महिन्यात तुम्ही आणि काकू मुलीकडे सॅन होजेला निघालात. तिकीट नागपूर, दोहा, सॅन फ्रान्सिस्को असं आहे. नागपूरहून पहाटे 4 ला विमान सुटतं आणि त्याच तारखेला संध्याकाळी साडेपाचला तुम्ही सॅन फ्रान्सिस्कोला उतरता. अंतर तुम्ही इंटरनेटवर पाहिलं, ते 13,100 किलोमीटर निघालं. विमानाचा वेग ताशी 900 धरला तर साडेचौदा तास. घड्याळ साडेतेरा दाखवतंय, म्हणजे हिशेब जवळपास बसला असं तुम्हाला वाटलं. पण तिकिटाच्या कोपऱ्यात एकूण प्रवास 26 तास लिहिलाय, आणि परतीच्या तिकिटावर साडेतेवीस. यातलं खरं कुठलं, आणि जाता-येता अडीच तासांचा फरक का, हा तुमचा प्रश्न. काकूंचा प्रश्न वेगळा आहे: जावईबापूंनी पाठवलेल्या नकाशात विमान पश्चिमेकडे न जाता उत्तर ध्रुवाकडे चाललंय, ते का?

मी चोवीस वर्षं फ्लाइट डिस्पॅचर म्हणून काम केलं. विमान सुटायच्या आधी त्यानं कुठल्या वाटेनं जायचं, किती उंचीवर, वारा कसा आहे, इंधन किती भरायचं, वाटेत काही झालं तर कुठे उतरायचं, हे सगळं जमिनीवर बसून मांडणारा माणूस म्हणजे डिस्पॅचर. तेव्हा हे तुमच्या नव्हे, माझ्या रोजच्या कामातले प्रश्न आहेत, आणि ते अर्धवट सांगून मला चालणार नाही.

26 तासच खरे. साडेतेरा हा आकडा म्हणजे दोन गावांच्या घड्याळांची वजाबाकी, प्रवासाशी त्याचा संबंध नाही. मे महिन्यात सॅन फ्रान्सिस्कोचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेबारा तास मागे असतं. तुम्ही तिथे संध्याकाळी साडेपाचला उतराल, तेव्हा सोनेगावला, म्हणजे नागपूरच्या विमानतळावर, दुसऱ्या दिवशीचे सकाळचे 6 वाजलेले असतील. पहाटे 4 पासून दुसऱ्या दिवशी सकाळी 6 पर्यंत मोजा, 26 भरतात. तुमचा साडेचौदा तासांचा भागाकार त्या साडेतेराच्या जवळ आला, तो निव्वळ योगायोग. अशा योगायोगानंच माणूस फसतो, कारण उत्तर जुळलं की रीत तपासायची कोणाला आठवत नाही.

आता अंतराकडे येऊ. तुमच्या दिवाणखान्यात कपाटावर नातवाचा पृथ्वीगोल आहे, तो खाली काढा. काकूंच्या शिवणाच्या डब्यातला पांढरा दोरा घ्या. एक टोक नागपूरवर अंगठ्यानं दाबून धरा आणि दुसरं सॅन फ्रान्सिस्कोवर न्या. दोरा सैल असताना तो युरोपवरून, अटलांटिकवरून खुशाल जातो. हळूहळू ताणायला लागा. दोरा युरोपवर टिकत नाही, सरकत सरकत वर चढतो, आणि पूर्ण ताणला की तिबेट, मंगोलियाचा पश्चिम भाग, सैबेरिया असा जाऊन आर्क्टिक समुद्राच्या काठाला लागतो, मग अलास्काच्या बाजूनं खाली उतरतो. गोलावरची सगळ्यांत जवळची वाट हीच. गणितानं ती 72 अंश उत्तर अक्षांशापर्यंत चढते. लांबी साधारण 13,110 किलोमीटर, म्हणजे तुम्ही पाहिलेला आकडा बरोबर आहे. तो या ताणलेल्या दोऱ्याचा आकडा आहे.

सपाट नकाशावर ही वाट वेडीवाकडी दिसते, कारण सपाट नकाशा उत्तरेकडचा भाग ओढून रुंद करतो. त्यात ग्रीनलंड आफ्रिकेएवढा दिसतो. प्रत्यक्षात आफ्रिका त्याच्या चौदा पट आहे. नागपूरच्या अक्षांशावर पूर्व-पश्चिम एक अंश सरकायला सुमारे 104 किलोमीटर जावं लागतं. 60 अंश उत्तरेला तोच एक अंश 56 किलोमीटरमध्ये ओलांडता येतो. पृथ्वीला वळसा घालायचाच आहे तर तो जिथे अरुंद आहे तिथून घालायचा, एवढंच विमान करतं.

मला यात आवडणारी एक गोष्ट सांगतो. अमेरिका म्हटलं की आपण नागपुरात पश्चिमेकडे हात दाखवतो, अकोल्याकडे, मुंबईकडे. पण दोरा ताणून नागपूरपाशी त्याची दिशा मोजली तर न्यूयॉर्कची सरळ वाट निघते पचमढीच्या दिशेनं. टेक्सासमधल्या डॅलसची वाट छिंदवाड्याच्या अंगानं जवळजवळ सरळ उत्तरेला जाते आणि ध्रुवापासून सव्वाचारशे किलोमीटरवरून पलीकडे उतरते. तुमच्या सॅन फ्रान्सिस्कोची वाट निघते ती जबलपूरकडे. नागपूर 79 पूर्व रेखांशावर आहे, त्याच्या बरोबर पाठचा रेखांश 101 पश्चिम, आणि तो अमेरिकेच्या मधोमध जातो. त्यामुळे आपल्यासाठी अमेरिका ना पूर्वेला ना पश्चिमेला, ती उत्तरेला आहे. हे एकदा डोक्यात बसलं की पुढचं सगळं सोपं होतं.

म्हणूनच दिल्ली आपल्याला वाटेवर पडते. नागपूर ते दिल्ली सुमारे 850 किलोमीटर, दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को 12,380. बेरीज 13,230, म्हणजे सरळ दोऱ्यापेक्षा फक्त 120 किलोमीटर जास्त. मुंबईमार्गे गेलात तर आधी 680 किलोमीटर उलट दिशेला जायचं, मग तिथून 13,510, बेरीज 14,190. दोह्यामार्गे 2,840 अधिक 12,990, म्हणजे 15,830. तुम्ही तिकीट 13,100 चं काढलेलं नाही, 15,830 चं काढलंय. सरळ वाटेपेक्षा 2,700 किलोमीटर जास्त, आणि एकट्या या फरकाला तीन तास लागतात.

तरी दोह्याचं तिकीट चुकीचं आहे असं मी म्हणणार नाही. नागपूरहून थेट परदेशी विमानात बसता येतं, सामान एकदा दिलं की सॅन फ्रान्सिस्कोलाच हातात येतं, मधे फक्त एक बदल. साठीच्या पुढच्या माणसाला ही सोय तीन तासांपेक्षा मोठी वाटू शकते. फक्त आपण कशाच्या बदल्यात काय देतोय ते माहीत असावं.

नागपूर मध्यावर असण्याचा फायदा या शहरानं एके काळी फार सुंदर वापरला होता. 1949 मध्ये रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या चारही ठिकाणांहून रात्री विमानं निघायची, मध्यरात्रीच्या सुमारास सोनेगावला एकत्र यायची, टपालाच्या पिशव्या एकमेकांत बदलायची आणि पहाटेपर्यंत आपापल्या गावी परत जायची. नागपूरपासून ही चारही शहरं 680 ते 980 किलोमीटरच्या आत आहेत, म्हणून ते जमलं. 1973 पर्यंत ही सेवा चालली. अंतर आणि वेळ यांचं गणित कसं मांडावं हे मला कोणी विचारलं की मी आधी हेच उदाहरण देतो.

आता वारा. जाता-येता फरक का, याचं उत्तर इथे आहे.

जमिनीपासून नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे जोरदार वाऱ्याचे पट्टे असतात, त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. विमानं नेमकी याच उंचीवर उडतात. ताशी दीड-दोनशे किलोमीटर हा तिथे नेहमीचा वेग. हिवाळ्यात जपानच्या आसपास 300 च्या घरातले आकडे मी कितीतरी रात्री पाहिले आहेत. 900 हा विमानाचा वेग हवेतला असतो. हवाच समोरून येत असेल तर जमिनीवरून तो तेवढा कमी पडतो, पाठीमागून येत असेल तर तेवढा वाढतो. 13,000 किलोमीटरच्या प्रवासात सरासरी ताशी 50 किलोमीटरचा वारा समोरून असला तर 15 तास 18 मिनिटं लागतात. तोच पाठीवर असला तर 13 तास 41 मिनिटं. फक्त 50 च्या वाऱ्यानं दीड तासाहून जास्त फरक पडला, आणि प्रत्यक्षात वारा याहून बराच जोराचा असू शकतो.

याचं सगळ्यांत चांगलं उदाहरण आपल्याच देशातलं आहे. एअर इंडियानं 2015 च्या डिसेंबरमध्ये दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को थेट सेवा सुरू केली, तेव्हा विमानं युरोप आणि अटलांटिकवरून जायची, सुमारे 13,900 किलोमीटर. ऑक्टोबर 2016 मध्ये त्यांनी दिशा बदलली आणि पूर्वेकडून, पॅसिफिकवरून विमान नेलं. अंतर वाढून जवळपास 15,300 किलोमीटर झालं, पण वेळ लागला साडेचौदा तास, आधीपेक्षा सुमारे दोन तास कमी. 15,300 ला साडेचौदानं भागा: जमिनीवरून सरासरी वेग ताशी 1,055 किलोमीटर. पाठीवरच्या वाऱ्याशिवाय हे होत नाही. 1,400 किलोमीटर जास्त चालून विमान दोन तास आधी पोचलं. अंतरावरून वेळ काढू नका असं मी सगळ्यांना सांगत असतो, ते यासाठी.

डिस्पॅचच्या टेबलावर हे कसं दिसतं ते सांगतो. रात्री 11 वाजता वाऱ्याचे नवे नकाशे यायचे. पडद्यावर एकाच विमानासाठी तीन वाटा उघडायच्या: उत्तरेची, पूर्वेची, पश्चिमेची. प्रत्येकीखाली किलोमीटर, मिनिटं आणि इंधन असे तीन आकडे. पहिल्या वर्षी माझी नजर किलोमीटरवर जायची. माझे वरिष्ठ शेजारी उभे राहून पेन्सिलीनं तो आकडा झाकायचे आणि म्हणायचे, आता निवड. मग मिनिटं आणि इंधन यांच्यावरच ठरवावं लागायचं. कितीतरी वेळा सर्वांत लांबची वाट सर्वांत स्वस्त निघायची. काल रात्रीची वाट आज चालेलच असं नाही, म्हणून रोजचा कागद नवा.

तुमच्या तिकिटात हाच वारा दोनदा दिसतो. नागपूरहून दोह्याला जाताना सव्वाचार तास, येताना पावणेचार. जाताना तुम्ही पश्चिमेकडे, वाऱ्याच्या तोंडावर जाता, येताना वारा पाठीशी असतो. सॅन फ्रान्सिस्कोच्या लांब टप्प्यावरही जाताना 16 तास आणि येताना सव्वापंधरा धरलेत. हे झाले सव्वा तास. अडीच तासांतला उरलेला सव्वा तास वाऱ्याचा नाही, दोह्यातल्या मुक्कामाचा आहे: जाताना पावणेसहा तास, येताना साडेचार. म्हणजे अर्धा फरक आकाशातला आणि अर्धा खुर्चीवर बसून राहण्याचा.

माझा भाचा शाळेत असताना विचारायचा, मामा, पृथ्वी पूर्वेकडे फिरते ना, मग विमान नुसतं वर उभं राहिलं तर अमेरिका आपोआप खाली येणार नाही का? प्रश्न चांगला आहे आणि मोठी माणसंही तो मनात ठेवून असतात. नागपूरची जमीन पृथ्वीबरोबर ताशी जवळपास 1,560 किलोमीटरनं पूर्वेकडे सरकत असते, पण नागपूरची हवाही तिच्याबरोबर सरकते आणि धावपट्टीवरचं विमानही. धावत्या रेल्वेच्या डब्यात चेंडू वर उडवला तर तो आपल्याच हातात पडतो, तसंच हे. फरक पडतो तो हवा जमिनीच्या मानानं किती सरकते त्याचा, म्हणजे पुन्हा वाऱ्याचाच.

वाट लांबवणारी दुसरी गोष्ट म्हणजे बंद आकाश. प्रत्येक देशाला आपल्या डोक्यावरचं आकाश बंद करता येतं. फेब्रुवारी 2019 मध्ये पाकिस्ताननं आकाश बंद केलं ते जुलैच्या मध्यापर्यंत. 2022 मध्ये युक्रेनचं युद्ध सुरू झाल्यावर रशियानं युरोप-अमेरिकेच्या विमान कंपन्यांना आकाश नाकारलं. एप्रिल 2025 मध्ये पाकिस्ताननं पुन्हा भारतीय विमानांना बंदी केली, आणि दिल्लीहून पश्चिमेकडे निघालेल्या विमानांना गुजरात, अरबी समुद्र असा दक्षिणेचा वळसा घ्यावा लागला. अमेरिकेला जाणाऱ्या काही विमानांना इंधनासाठी युरोपात उतरावं लागलं. दोन शहरांमधलं अंतर तेव्हा एक मीटरनंही वाढलेलं नव्हतं. म्हणून एखाद्या ओळखीच्या माणसानं दोन वर्षांपूर्वी सांगितलेली वेळ आज धरून चालू नका. तिकिटाच्या दिवशीची वेळ बघा.

काकूंसाठी ध्रुवाकडच्या वाटेबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण भीती कमी करायला नुसतं काही होत नाही म्हणणं पुरेसं नसतं.

दोह्याहून सॅन फ्रान्सिस्कोची सरळ वाट 85 अंश उत्तरेपर्यंत चढते. त्या दिवशीचं आकाश आणि वारा पाहून विमान थोडं अलीकडून किंवा पलीकडून जाईल, पण पडद्यावर ते उत्तरेला चाललेलं दिसेल हे नक्की. बाहेर तापमान उणे 60 च्या आसपास असू शकतं. विमानाचं इंधन, जेट ए-1, उणे 47 अंशांना गोठायला लागतं. मग ते गोठत का नाही? इंधन पंखांमध्ये असतं, ते हजारो लिटर असतं, आणि वेगामुळे पंखाच्या पत्र्यावर हवा दाबली जाऊन तो बाहेरच्या हवेपेक्षा उबदार राहतो. त्यामुळे इंधन फार सावकाश थंड होतं. कॉकपिटमध्ये इंधनाचं तापमान सतत दिसतं, आणि ते ठरलेल्या मर्यादेजवळ आलं तर वैमानिक विमान थोडं खाली, उबदार हवेत आणतो किंवा वेग वाढवतो. आम्ही मार्ग आखतानाच हवेचं तापमान पाहून ठेवतो; फार गार पट्टा असेल तर वाटच बदलतो.

दुसरं म्हणजे, वाटेतल्या कुठल्याही क्षणी एक इंजिन बंद पडलं तरी उरलेल्या इंजिनवर ठरलेल्या मिनिटांत गाठता येईल असा विमानतळ हवाच, हा नियम आहे. तसा विमानतळ नसेल तर त्या वाटेनं जाण्याची परवानगीच मिळत नाही. त्या रात्री तिथलं हवामान उतरण्याजोगं आहे का, तेही आधी तपासलं जातं. माझ्या कामाचा निम्मा वेळ ज्या विमानतळांवर विमान उतरणारच नव्हतं, त्यांचं हवामान वाचण्यात गेला.

आणि ही वाट आता नवी राहिलेली नाही. जानेवारी 2021 मध्ये कॅप्टन झोया अग्रवाल आणि त्यांच्या सगळ्या महिला सहकारी वैमानिकांनी सॅन फ्रान्सिस्कोहून बंगळुरूला ध्रुवावरून विमान आणलं. काकूंना हे जरूर सांगा.

खरं तर माझ्या मते ध्रुवापेक्षा तिबेटचं पठार जास्त अवघड. विमानातला हवेचा दाब गेला तर लगेच 10,000 फुटांवर उतरावं लागतं, म्हणजे माणसांना मास्कशिवाय श्वास घेता येतो. तिबेटची जमीनच सरासरी 4,500 मीटरच्या वर आहे, जवळपास 15,000 फूट. खाली उतरायला जागा कुठे? म्हणून तिथून जायचंच तर दर टप्प्यासाठी बाहेर पडायची वाट आधी आखावी लागते, आणि बरीच विमानं त्याला वळसाच घालतात. दोऱ्यानं दाखवलेली वाट आणि प्रत्यक्ष वाट यांच्यातला फरक काही प्रमाणात इथून येतो.

आता जमिनीवरचा वेळ. तिकिटावर लिहिलेली वेळ ही उडण्यापासून उतरण्यापर्यंतची नसते. चाकांपुढचे अडसर काढून विमान गेटवरून हललं तिथपासून, ते दुसऱ्या गावी गेटवर उभं राहिलं तिथपर्यंतचा तो वेळ. आम्ही त्याला ब्लॉक टाइम म्हणतो. नागपूर ते दिल्ली हवेत जेमतेम सव्वा तास लागतो, पण तिकिटावर पावणेदोन तास असतात. सोनेगावला धावपट्टीपर्यंत जायला पाच-सात मिनिटं पुरतात. दिल्लीला उतरल्यावर गेटपर्यंत पोचायलाच वीस मिनिटं जाऊ शकतात, शिवाय उतरायच्या आधी हवेत रांग. कंपन्या हे सगळं धरून, वर थोडी मोकळीक ठेवून वेळ छापतात. म्हणून अंतर भागिले वेग हे गणित छोट्या प्रवासात सगळ्यांत जास्त चुकतं.

बदलाच्या वेळेबद्दल मात्र मी हात जोडून सांगतो, कारण इथे मी स्वतः चुकलेलो आहे. काही वर्षांपूर्वी माझ्या मावसभावाला जानेवारीत अमेरिकेला जायचं होतं. त्यानं नागपूर-दिल्ली एका कंपनीचं आणि पुढचं दुसऱ्या कंपनीचं अशी दोन स्वतंत्र तिकिटं काढली, मधे अडीच तास. मला विचारलं, मी म्हटलं पुरतील. मला आकाश माहीत होतं, पण प्रवाशाची पायपीट मी कधी मोजलेली नव्हती. त्या सकाळी दिल्लीत दाट धुकं होतं. नागपूरचं विमान तीन तास उशिरा सुटलं, पुढचं विमान निघून गेलं, आणि दोन्ही तिकिटं वेगळी असल्यामुळे दुसऱ्या कंपनीनं जबाबदारी घेतली नाही. कायद्यानं तिला घ्यायचीही नव्हती. तो एक रात्र विमानतळावर बसून राहिला आणि नवं तिकीट काढून गेला. त्याच्या बायकोनं पहाटे मला फोन केला होता, तो आवाज अजून आठवतो.

तेव्हापासून मी सांगतो: सगळा प्रवास एकाच तिकिटावर, एकाच पीएनआरवर असू द्या. मग पहिल्या विमानाला उशीर झाला तर पुढे पोचवण्याची जबाबदारी कंपनीची. दिल्लीमार्गे जाताना देशांतर्गत विमान कुठल्या टर्मिनलला उतरतं ते बघा. टर्मिनल 1 आणि टर्मिनल 3 एकमेकांपासून काही किलोमीटर लांब आहेत, मधे रस्त्यानं जावं लागतं. मुंबईतही दोन टर्मिनलमध्ये तोच प्रकार. डिसेंबर-जानेवारीत दिल्लीला पाच-सहा तासांपेक्षा कमी ठेवू नका. तुमचा प्रवास मे महिन्यात आहे आणि दोह्याला पावणेसहा तास आहेत, तेव्हा तुम्हाला ही चिंता नाही. पुढच्या वेळी हिवाळ्यात निघालात तर हे आठवा.

आता तुमच्या 26 तासांची फोड करतो. नागपूर-दोहा सव्वाचार, दोह्यात पावणेसहा, दोहा-सॅन फ्रान्सिस्को 16. तिकिटावर दोह्याला पोचायची वेळ पावणेसहा लिहिलेली दिसेल, म्हणजे पावणेदोन तासांत पोचलो असं वाटेल. तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे आहे म्हणून. रीत एकच: पोचायची वेळ आधी भारतीय वेळेत बदलायची आणि मग निघायची वेळ वजा करायची. परतीला सोमवारी रात्री 8 ला निघून बुधवारी सकाळी 8 ला नागपूर. घड्याळानं 36 तास, त्यातून साडेबारा वजा, उरले साडेतेवीस. मधला मंगळवार कुठे गेला म्हणून काकू विचारतील. तो जाताना मिळालेल्या जादा तासांची परतफेड आहे. अमेरिकेतली घड्याळं नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी एक तास मागे जातात आणि फरक साडेतेरा होतो. तुम्ही ऑक्टोबरमध्येच परतताय, तेव्हा साडेबाराच धरा.

घरापासून घरापर्यंत धरलं तर 26 चे 31-32 तास होतील: विमानतळावर तीन तास आधी पोचायचं, सॅन फ्रान्सिस्कोला इमिग्रेशन आणि सामानाला दीड तास, मग सॅन होजेपर्यंत तासभर गाडी. तुमच्या रक्तदाबाच्या आणि काकूंच्या साखरेच्या गोळ्या हातातल्या पिशवीत ठेवा, मोठ्या बॅगेत अजिबात नको. डॉक्टरांकडे जाताना भारतीय वेळेनुसार लिहिलेलं 32 तासांचं वेळापत्रक न्या आणि कुठली गोळी केव्हा हे त्यावरच लिहून घ्या. 16 तासांच्या टप्प्यात दर दोन तासांनी उठून फेरी मारा. जागा मागताना मधल्या वाटेलगतची मागा.

एक शेवटचं, आणि हे मी तुमच्या तिकिटावर लाल पेननं लिहून देणार आहे. विमान 12 तारखेला पहाटे 4 ला आहे. म्हणजे 11 तारखेची जेवणं उरकून रात्रीच घर सोडायचं. 12 ची रात्र समजून एक दिवस उशिरा विमानतळावर आलेली दोन कुटुंबं मी सोनेगावला स्वतः पाहिली आहेत, बॅगांना कुंकू लावून, नातेवाईक सोडायला आलेले. 11 तारखेला रात्री साडेबाराला, म्हणजे कॅलेंडरवर 12 लागून अर्धा तास झालेला असताना, मी गाडी घेऊन तुमच्या दारात येतो. पासपोर्ट तेवढे वरच्या कप्प्यात ठेवा.